पंप हवा घेतोय, तलावात बुडबुडे येताहेत: फरशी फोडण्याआधी गळती कुठे आणि कशी शोधायची

तुमची अडचण मला अशी समजली. पंपाच्या गाळणीच्या भांड्यात, पारदर्शक झाकणाखाली, कायम हवा दिसते. पोहण्याच्या तलावात पाणी परत सोडणाऱ्या तोंडांमधून बुडबुडे येतात. रात्री बंद केलेला पंप सकाळी पाणी धरायला फार वेळ घेतो. तुम्ही झाकणाची ओ-रिंग (हवाबंद बसवणारी रबरी कडी) बदललीत, दिसतील त्या सांध्यांना बाहेरून सिलिकॉन लावलंत, तरी फरक नाही. आता जमिनीखालचा पाइप फुटला असावा, फरशी उखडावी लागेल असं तुम्हाला सांगितलं गेलंय आणि ते करावं का, हा प्रश्न आहे.

फरशीला इतक्यात हात लावू नका. पंपात येणारी हवा बहुतेक वेळा जमिनीवरच्या, डोळ्यांना दिसणाऱ्या शेवटच्या मीटरभर भागातून येते. म्हणजे झाकण, भांड्याचे ड्रेन प्लग, पंपाच्या तोंडावर आट्यांनी बसवलेला अ‍ॅडॉप्टर आणि त्याच्या आधीचे व्हॉल्व्ह. जमिनीखालची गळती असते, पण ती यादीत शेवटी येते आणि तिची लक्षणंही वेगळी असतात. ती पुढे सांगतो.

आधी हवा आत येते कशी ते पाहू, कारण ते नीट कळलं की निम्मी शोधाशोध वाचते. पंपाचा पंखा जिथे आहे तिथून तलावाकडचा सगळा भाग म्हणजे सक्शनची बाजू. पंप चालू असताना इथला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, त्यामुळे फट असेल तर पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. पंख्यापासून पुढे फिल्टर, त्याची दिशा बदलणारा मल्टीपोर्ट व्हॉल्व्ह, हीटर आणि परतीचे पाइप ही डिलिव्हरीची बाजू. इथे फट असेल तर पाणी बाहेर उडतं किंवा ठिबकतं, हवा आत येत नाही. म्हणून भांड्यात हवा दिसत असताना फिल्टरचे सांधे तपासण्यात अर्थ नाही. सक्शनच्या बाजूला व्हॅक्युम गेज (ओढ मोजणारं काट्याचं मीटर) लावला आणि त्यावर 6 इंच पारा आला, तर ते साधारण 2 मीटर पाण्याच्या उंचीइतकं ओढणं झालं. एवढ्या ओढीला केसाएवढी फट पुरते. आणि म्हणूनच ही गळती पंप चालू असताना कोरडी दिसते. तुम्ही पाणी शोधत बसाल आणि पाणी सापडणार नाही.

बाहेरून लावलेलं सिलिकॉन का चाललं नाही, त्याचंही उत्तर यातच आहे. घरगुती सिलिकॉन पीव्हीसीला नीट चिकटत नाही, पाइप किंचित हलला की कडेने सुटतं. शिवाय ज्या सांध्यातून हवा येतेय तो नेमका माहीत नसताना सगळीकडे लावलेलं सिलिकॉन पुढच्या तपासणीत अडथळाच होतं. ते आधी खरवडून काढा.

काही गोष्टी तुमच्या जागेवर अवलंबून आहेत. पंप तलावाच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली आहे की वर? खाली असेल तर तुमचं काम सोपं. पंप बंद केला की त्याच फटीतून पाणी बाहेर ठिबकतं, कारण आता ओढ संपली आणि तलावाचं पाणी आपल्या वजनाने तिथे येऊन थांबलं. पंप बंद करा, सगळे सांधे कोरड्या कापडाने पुसा, प्रत्येकाखाली कागद ठेवा आणि अर्ध्या तासाने बघा. पंप वर असेल तर उलट होतं. बंद केल्यावर फटीतून हवा शिरते आणि पाइपातलं पाणी तलावात परत जातं. सकाळी पंपाला पाणी चढायला वेळ लागतो असं तुम्ही लिहिलंय, त्यावरून तुमचा पंप बहुधा वर आहे. अशा वेळी पाणी मागे जाऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवायचा सल्ला मिळतो. त्याने सकाळचा त्रास कमी होईल, पण फट तिथेच राहील.

खरी गळती शोधण्याआधी खोट्या गळत्या बाजूला करा. स्किमर म्हणजे तलावाच्या भिंतीतलं, पृष्ठभागावरचं पाणी ओढून घेणारं तोंड. तलावातलं पाणी त्या तोंडाच्या निम्म्यापर्यंत तरी असलं पाहिजे. त्याखाली गेलं की स्किमरमध्ये भोवरा होतो आणि पाण्याबरोबर हवा जाते. स्किमरची झडप वरच्या स्थितीत अडकली असेल तर पातळी बरोबर असूनही हेच होतं, कारण पंप जितकं ओढतो तितकं पाणी झडपेवरून येत नाही. स्किमरचं झाकण काढून पंप चालू असताना दोन मिनिटं आत बघत राहा. भोवरा लगेच दिसतो. सक्शनवर चालणारा क्लीनर लावला असेल तर तो काढून ठेवा, त्याच्या नळीचे जोडही हवा घेतात.

मिठापासून क्लोरीन बनवणारा सेल असेल तर तो बंद करून पाहा. त्यात हायड्रोजन तयार होतो आणि परतीच्या तोंडातून बारीक, दुधाळ बुडबुडे येतात. ते बिघाडाचं लक्षण नाही. तुमच्या भांड्यातच हवा दिसते, त्यामुळे सगळा दोष सेलचा असणार नाही, पण दोन गोष्टी एकत्र असल्या तर गोंधळ होतो. सोलर हीटरच्या छतावरच्या हवा घेणाऱ्या व्हॉल्व्हचंही तसंच. कमी वेगावर चालणाऱ्या व्हेरिएबल स्पीड पंपाच्या झाकणाखाली थोडी हवा राहणं अगदी सामान्य आहे. वेग वाढवल्यावर ती निघून गेली आणि तलावात बुडबुडे नसतील, तर ती सोडून द्या.

पंपाची आणि स्किमरची, दोन्ही जाळ्या साफ करा. जाळी तुंबली की पंपाची ओढ वाढते आणि एरवी गप्प असलेली फटही हवा घ्यायला लागते. तुंबलेल्या पाइपामुळे होणारा आवाजही लोक हवेचा समजतात. पंपात खडी फिरतेय असा आवाज येत असेल आणि व्हॅक्युम गेजचा काटा नेहमीपेक्षा खूप वर असेल, तर पाइप किंवा पंखा तुंबलाय. काटा खाली किंवा थरथरता आणि भांड्यात फेस असेल तर हवा येतेय. हा गेज भांड्याच्या एका ड्रेन प्लगच्या जागी लावता येतो.

चाचणी सुरू करण्याआधी दोन इशारे. पहिला फिल्टरचा. सक्शनमधून आलेली हवा फिल्टरच्या वरच्या भागात साठते आणि दाबाखाली राहते. पाणी दाबलं जात नाही, हवा दाबली जाते, आणि दाबलेल्या हवेत इतकी ताकद असते की क्लॅम्प नीट बसलेला नसेल तर फिल्टरचं झाकण उडून जीवघेणी दुखापत होऊ शकते. म्हणून दर वेळी पंप सुरू करण्याआधी फिल्टरवरचा हवा सोडायचा व्हॉल्व्ह उघडा, बाजूला उभं राहून पंप सुरू करा आणि तिथून सलग पाण्याची धार आली की मगच बंद करा. फिल्टर दाबाखाली असताना क्लॅम्पला पाना लावू नका. दुसरा इशारा, पुढे एकेक लाइन बंद करून तपासायचं आहे, तेव्हा तलावात कोणीही नको. सगळी ओढ तळाच्या एका ड्रेनवर आली तर माणूस त्याला चिकटून अडकू शकतो.

आता शोध. मला सगळ्यात खात्रीची वाटते ती पाणी ओतायची पद्धत. पंप पूर्ण वेगाने चालवा, म्हणजे ओढ जास्तीत जास्त राहील. एकाने भांड्याच्या झाकणावर डोळे ठेवायचे. दुसऱ्याने तांब्याने किंवा बारीक नळीने एकाच सांध्यावर, सांधा सगळ्या बाजूंनी भिजलेला राहील असं, अर्धा मिनिट सलग पाणी सोडायचं. फट पाण्याने झाकली गेली की हवेऐवजी तेवढं पाणी आत जातं आणि भांड्यातले बुडबुडे काही सेकंदांत कमी होतात. पाणी थांबवलं की पुन्हा सुरू होतात. असं लागोपाठ दोनदा झालं तर सांधा सापडला. परतीच्या तोंडांकडे बघून ठरवू नका, फिल्टरमध्ये साठलेली हवा बराच वेळ बाहेर येत राहते. मोटर आणि वायरच्या पेटीवर पाणी जाऊ देऊ नका. सांधा मोटरच्या जवळ असेल तर पाण्याऐवजी शेव्हिंग फोम लावा. फट असेल तिथे फेसात खड्डा पडतो किंवा फेस आत ओढला जातो. व्हॉल्व्हच्या दांड्यासाठी फोमच बरा. अगरबत्तीचा धूर वापरायचं बरेच जण सुचवतात, पण उघड्यावर वाऱ्यामुळे काहीच कळत नाही.

सुरुवात पंपाकडून करा आणि तलावाकडे मागे जा.

झाकण. ओ-रिंग बदललीत हे चांगलं केलंत, पण ती बरोबर मापाची होती का? हाताला मऊ लागणारी प्रत्येक रिंग चालत नाही. जाडीत अर्धा मिलिमीटर कमी असली तरी दाब बसत नाही, आणि परिघाला मोठी असली तर खाचेत लाट धरते. खाच कापडाने पुसा, नखाने वाळूचा कण किंवा केस राहिलाय का बघा. रिंग ज्यावर टेकते ती भांड्याची कडही बोटाने सगळीकडून चाचपा. झाकण उजेडासमोर धरून आट्यांजवळ बारीक तडा आहे का पाहा. आतली जाळी नीट खाली बसली नसेल तर तिची कडी झाकणाला लागून ते पूर्ण बसू देत नाही. हे खूप वेळा सुटतं. रिंगला फक्त सिलिकॉनचं ग्रीस लावा, तेही पातळ. पेट्रोलियम जेली लावली तर काही जातींचं रबर फुगतं आणि रिंग खाचेबाहेर येते. झाकण हाताने आवळा, पान्याने नाही.

ड्रेन प्लग. भांड्याच्या तळाशी असतात, म्हणून कोणी बघत नाही. ओ-रिंगचा प्लग असेल तर रिंग बदला, त्यावर टेप गुंडाळू नका. रिंग नसलेला असेल तर टेप चालेल.

पंपाचं सक्शनचं तोंड. तुमच्या वर्णनावरून माझा सगळ्यात जास्त संशय इथे आहे. पंप बराच वेळ पाण्याशिवाय फिरला, जे तुमच्याकडे रोज सकाळी होतंय, की भांड्यात उरलेलं पाणी तापतं. पीव्हीसी 60 अंश सेल्सिअसच्या आसपास आपली ताकद गमावतो. पंपात आवळलेल्या अ‍ॅडॉप्टरचे आटे त्या गरमीत दबून किंचित बारीक होतात आणि गार झाल्यावर तसेच राहतात. मग आटे घट्ट वाटतात, पण त्यांच्या वळणांतून हवा आत जाते. म्हणजे एक फट दुसरी तयार करते. पहिली गळती कदाचित झाकणाचीच असेल, तुम्ही ती बंदही केली असेल, आणि आता हवा इथून येत असेल. म्हणून सांगतो, एक सांधा सापडला की थांबू नका, दुरुस्तीनंतर पुन्हा सगळे तपासा.

तो सांधा पाणी ओतून पक्का झाला तर अ‍ॅडॉप्टर अजून आवळायचा मोह टाळा. आवळल्याने भांड्याच्या आतले आटे फुटतात आणि शंभरातलं काम हजारात जातं. अ‍ॅडॉप्टर कापून नवाच बसवावा लागतो. पंपाची वीज मेन स्विचवरून बंद करा, व्हॉल्व्ह बंद करा, आणि पंपाच्या तोंडापासून किमान दोन सॉकेट आणि मधला एक छोटा तुकडा मावेल इतक्या अंतरावर पाइप सरळ कापा. जुना अ‍ॅडॉप्टर फिरवून काढा, पंपाच्या आतले आटे जुन्या ब्रशने पूर्ण साफ करा. त्याच वेळी पंपाजवळ एक युनियन (फिरवून सोडता येणारा जोड) बसवून घ्या, पुढच्या वेळी कापावं लागणार नाही. जाड भिंतीचा, जास्त तापमान सोसणारा युनियन मिळाला तर तोच घ्या, कारण पंप पुन्हा कोरडा फिरला तरी तो लवकर आकसत नाही. धातूचा आटेवाला तुकडा प्लास्टिकच्या भांड्यात घालू नका.

आट्यांवर टेफ्लॉन टेपचे 4 ते 6 वेढे द्या. आट्यांचं टोक तुमच्याकडे धरून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळा, म्हणजे आवळताना टेप सुटत नाही. पहिला आटा मोकळा ठेवा, टेपचे तुकडे पंख्यात जायला नकोत. हाताने बसेल तितकं बसवा, मग पान्याने एक ते दीड फेरा, बस. टेपऐवजी न वाळणारं, प्लास्टिकला चालणारं थ्रेड सीलंट वापरलं तरी चालेल. दोन्ही एकावर एक लावू नका, आटे जास्त फुगतात.

चिकटवायच्या सांध्यांबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण इथे नव्या कामातच गळती शिरते. 2 इंची पीव्हीसी पाइपाचा बाहेरचा व्यास 60.3 मिलिमीटर असतो, मेट्रिक पाइपाचा 63. दीड इंचीचा 48.3, मेट्रिकचा 50. इंची पाइप मेट्रिक सॉकेटमध्ये जातो, थोडा सैल वाटतो, आणि पीव्हीसी चिकटवायचं सोल्युशन ते अंतर भरून काढेल असं समजून लोक तो चिकटवतात. सोल्युशन भराव नाही, ते दोन्ही पृष्ठभाग वितळवून एक करतं. मध्ये अंतर राहिलं तर सांधा पोकळच राहतो. विकत घेण्याआधी तुमच्या पाइपाचा व्यास व्हर्निअरने मोजा. गरज पडली तर त्या दोन मापांना जोडणारा खास अ‍ॅडॉप्टर घ्या.

कापलेल्या टोकाची कूस (कापताना राहिलेले बारीक कंगोरे) काढा, आधी सगळे तुकडे कोरडे जुळवून खुणा करा. मग दोन्ही बाजूंना प्रायमर, त्यावर पाइपाला भरपूर आणि सॉकेटला पातळ सोल्युशन, पाव फेरा देत तळापर्यंत ढकला आणि 30 सेकंद दाबून धरा. सोडलं तर सांधा स्वतःच थोडा बाहेर येतो. पंप कधी चालवायचा ते डब्यावर लिहिलेलं असतं, ते तापमान आणि व्यासावर ठरतं. घाई नसेल तर 24 तास थांबा. सक्शनच्या बाजूला लवकर पंप चालवला तर ओल्या सोल्युशनमधून हवा आत वाट करते आणि ती वाट तशीच वाळते.

व्हॉल्व्ह. तीन तोंडी व्हॉल्व्हच्या दांड्यावर लहान ओ-रिंगा असतात. दांडा फिरवताना कोरडा, कचकच आवाज आला, किंवा दांडा हलवल्यावर भांड्यातले बुडबुडे बदलले, तर त्याच गेल्या आहेत. पाइप न कापता वरचं झाकण उघडून त्या बदलता येतात. उघडण्याआधी पंप बंद, आणि पंप पाण्याच्या पातळीखाली असेल तर तलावाकडून पाणी थांबवलेलं हवं. झाकणाची मोठी रिंगही त्याच वेळी बदला आणि स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने आवळा. युनियनमध्ये रिंग असेल तर टेप लावू नका, रिंगच बदला.

पंप आणि मोटर यांच्या मधून खाली पाणी ठिबकत असेल तर दोष मेकॅनिकल सीलचा, म्हणजे मोटरच्या दांड्याभोवती पाणी अडवणाऱ्या सीलचा आहे. तो बदलायलाच हवा, कारण पाणी मोटरच्या बेअरिंगमध्ये जातं. पण भांड्यातल्या हवेचं कारण म्हणून तो मी मागे ठेवेन.

एवढं करूनही बुडबुडे राहिले तर जमिनीखाली बघायची वेळ आली, आणि तेही कुदळ न घेता. स्किमर आणि तळाच्या मेन ड्रेनच्या लाइनी वेगळ्या व्हॉल्व्हवर असतील तर आधी एक बंद करून पंप चालवा, मग दुसरी. जी बंद केल्यावर हवा थांबते, दोष त्या लाइनीत. एक लक्षात ठेवा, एक लाइन बंद केल्यावर दुसरीवर ओढ वाढते, म्हणून बुडबुडे वाढले तरी घाबरू नका. थांबतात का, एवढंच पाहायचं.

जमिनीखालची फट पंप बंद असताना पाणी गमावते. तलावाच्या पायरीवर पाणी भरलेली बादली ठेवा, बादलीतली आणि तलावातली पातळी दोन्हींवर खूण करा. 24 तास पंप बंद ठेवून मोजा, मग 24 तास चालू ठेवून मोजा. बादलीत घटलं तेवढं बाष्पीभवन. पंप बंद असताना तलाव बादलीपेक्षा जास्त घटत असेल, आणि चालू असताना कमी, तर सक्शनचा पाइप जमिनीखाली फुटलाय याला वजन येतं. दोन्ही वेळी बादलीइतकंच घटलं तर फरशी फोडायचं कारण मला दिसत नाही.

शेवटची खात्री दाबाच्या चाचणीने होते. स्किमरच्या तळाशी रबरी फुगणारा प्लग बसवतात, पंपाच्या टोकाला दुसरा, लाइन पाण्याने भरून आतली सगळी हवा काढतात आणि 1 बारच्या आसपास दाब देतात. अर्धा तास काटा हलला नाही तर ती लाइन ठीक आहे. हे पाण्यानेच करायचं, दाबाच्या हवेने नाही. हवेने प्लग गोळीसारखा सुटतो. चाचणी करून देणाऱ्याकडे जमिनीतला आवाज ऐकायचं साधन असतं, त्यामुळे खरंच फोडावं लागलं तरी एखादी फरशी निघते, पूर्ण कडा नाही. ज्याने फरशी उखडायला सांगितलंय त्याला आधी ही चाचणी करून काटा दाखवायला सांगा.

दुरुस्ती झाली की भांडं पाण्याने भरून, फिल्टरची हवा सोडून पंप सुरू करा. फिल्टर आणि पाइपात उरलेली हवा पहिली काही मिनिटं येईल. त्यानंतर झाकणाखाली स्वच्छ पाणी दिसलं की पंप बंद करा, भांड्यातली पातळी खुणेच्या पेनाने झाकणावर आखा आणि सकाळी बघा. पाणी खुणेवर असेल तर काम झालं. खाली उतरलं असेल तर कोणता सांधा राहिलाय ते पुन्हा पाणी ओतून शोधा. व्हॉल्व्हच्या दांड्यापासून सुरुवात करा, कारण बंद पंपात तो हळूहळू हवा घेतो आणि चालू पंपात फारसा दिसत नाही.